गाळप हंगामापूर्वी एकसष्ट मशिनांची मेमरी

बेळगावच्या उद्यमबागेतील एका छोट्या कंपनीत मी सर्व्हरचे काम पाहतो. आमचे ग्राहक मुख्यत्वे दोन प्रकारचे आहेत. एक, चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक या पट्ट्यातील साखर कारखाने. आणि दुसरे, शहरापासून खानापूर-निपाणीपर्यंत पसरलेल्या सहकारी पतसंस्था. या सर्वांची संगणकीय कामे आमच्या सहा सर्व्हरांवर चालतात. प्रत्येक सर्व्हरमध्ये 256 जीबी मेमरी आहे, त्यावर व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक संगणक चालवू देणारी प्रणाली, बसवलेले आहे आणि त्या सहांच्या पोटात मिळून 94 व्हर्च्युअल मशिने, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, राहतात.

या मशिनांची भूक वर्षभर सारखी नसते. गाळप सुरू झाले की वजनकाटा, तोडणी-वाहतुकीचा हिशेब आणि पंधरवड्याची ऊसबिले यांच्या मशिनांना श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही, आणि हंगाम संपला की तीच मशिने पावसाळाभर निवांत पडून असतात. पतसंस्थांचा खरा ताण मार्चअखेरीस. त्यामुळे दर ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आसपास कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपन होते त्या दिवसांत, आम्हाला एकाकडची मेमरी काढून दुसऱ्याला द्यावी लागते. हिडकलच्या कालव्याचे पाणी पाळीने सोडतात, तसाच हा प्रकार. धरणात पाणी आहे तेवढेच आहे.

ही हकीगत ज्या ऑक्टोबरची आहे त्याच्या आदल्या वर्षी हे काम मी हाताने केले होते. ही सारी मशिने एका जागेवरून सांभाळणाऱ्या व्हीसेंटर या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर एकेक मशीन निवडायचे, बंद करायचे, सेटिंग उघडायची, आकडा बदलायचा, पुन्हा चालू करायचे. दोन रात्री गेल्या. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास एका मशिनात मी 16 हा आकडा बरोबर टाकला, पण शेजारच्या खान्यात जीबीऐवजी एमबी राहिले होते. सोळा एमबी मेमरीत विंडोज उघडत नाही, हे सांगायला नको; पण ते मशीन का उघडत नाही हे कळायला मला त्या अवस्थेत पाऊण तास लागला. म्हणून या खेपेला पॉवरसीएलआयमध्ये, म्हणजे पॉवरशेल या आज्ञाभाषेसाठीच्या व्हीएमवेअरच्या आज्ञासंचात, स्क्रिप्ट लिहून काम करायचे ठरवले.

मूळ आज्ञा एका ओळीची आहे. 'गेट-व्हीएम' ने मशीन शोधायचे आणि 'सेट-व्हीएम' ला सीपीयूंची संख्या व मेमरी सांगायची. ही ओळ लिहायला पाच मिनिटे लागली आणि तिच्या आजूबाजूचे सारे उभारायला तीन आठवडे.

सर्वात आधी मी काहीही न बदलणारी स्क्रिप्ट लिहिली. तिने सर्व 94 मशिनांची सद्यस्थिती एका सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या) फाइलीत उतरवून घेतली: नाव, अंतर्गत ओळखक्रमांक, सीपीयू, एका सॉकेटमागे (मशीनला दिसणाऱ्या एका चिपमागे) किती कोअर, मेमरी, त्यातील किती राखीव (फक्त त्याच मशीनसाठी अडवून ठेवलेली), चालू स्थितीत मेमरी वाढवण्याची मुभा आहे की नाही, व्हीएमवेअर टूल्स (मशीनच्या आत चालणारा मदतनीस प्रोग्राम) चालू आहेत की नाहीत. या फाइलीला आम्ही 'आधीची यादी' म्हणू लागलो. ती तयार करताना मला ती निव्वळ कागदोपत्री औपचारिकता वाटत होती, हे कबूल करतो.

मग कोणाला किती द्यायचे हा प्रश्न. व्हीसेंटर जुन्या वापराचे आकडे ठेवते, पण मूळच्या सेटिंगनुसार पाच-पाच मिनिटांचे आकडे एक दिवसापुरतेच राहतात; आठवड्याच्या आकड्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाची, महिन्याच्या आकड्यांत दोन-दोन तासांची आणि वर्षाच्या आकड्यांत दिवसाला एक याप्रमाणे सरासरी उरते. गेल्या जानेवारीत वजनकाट्याच्या मशीनवर काय ताण होता, हे ऑक्टोबरात पाहायला गेलो तर दिवसाला एकच आकडा हाती लागतो, आणि पहाटे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर जाते त्या चार तासांची तगमग त्या आकड्यात पार विरघळून गेलेली असते. निव्वळ सरासरीवर भरवसा ठेवला असता तर काट्याचेच मशीन मी कपातीच्या यादीत घातले असते. दुसरी अडचण डेटाबेसची. बाहेरून पाहिले तर तो मेमरी फारशी वापरत नाही असे दिसते. आतून मात्र त्याने नेहमी लागणारी पाने (माहितीचे ठरावीक तुकडे) मेमरीत धरून ठेवलेली असतात, आणि ती काढून घेतली की प्रत्येक वेळी डिस्कवर जावे लागते. म्हणून आकड्यांच्या जोडीला प्रत्येक ग्राहकाच्या संगणक विभागाशी बोलणे भाग पडले.

हे बोलणे हाच या कामातला सर्वात अवघड भाग होता. वाढवून हवे का, असे विचारले तर नाही म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही. एका कारखान्याच्या संगणक विभागप्रमुखांनी चार सीपीयूंच्या मशीनला सरळ सोळा मागितले. जास्त सीपीयू दिले म्हणजे मशीन वेगवान होतेच असे नाही; उलट गर्दी असलेल्या सर्व्हरवर मोठ्या मशीनला एकाच वेळी पुरेसे कोअर मोकळे मिळण्यासाठी ताटकळावे लागते, शिवाय त्या डेटाबेसचा परवाना कोअरच्या संख्येवर मोजला जातो. पहिले कारण सांगून ते बधले नाहीत, परवान्याचा खर्च सांगताच सहावर आले. कपातीचे मात्र उलट. एका पतसंस्थेच्या मशीनला 24 जीबी होती आणि वर्षभरात नऊच्या वर काही गेले नव्हते, तरीही ती 16 करण्याबद्दल त्यांच्याशी बोलताना बांधावरच्या दोन हात जमिनीसाठी बसल्यासारखे वाटले. शेवटी 61 मशिने यादीत आली: 38 वाढीची, 23 कपातीची. वाढीला 264 जीबी लागत होती, कपातीतून 212 सुटत होती. आधीची एकूण वाटणी 1140 जीबी होती, ती 1192 होणार होती. सहापैकी एक सर्व्हर बंद पडला तरी उरलेल्या पाचांत 1280 जीबी राहते, आणि ईएसएक्सआयचा स्वतःचा वाटा वजा जाता एवढे त्यात बसत होते.

नावांचा घोळ मी धरून चाललो नव्हतो. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. आमच्या जुन्या मशिनांची नावे रेल्वे स्थानकाच्या संकेतावरून 'बीजीएम' ने सुरू होतात आणि नंतरच्या मंडळींनी नवी मशिने 'बीएलजी' या नावाने काढली. शहरातील पतसंस्थांची मशिने एका फटक्यात निवडण्यासाठी मी पहिल्या मसुद्यात 'बीजीएम' आणि पुढे तारा (म्हणजे त्यानंतर काहीही चालेल) अशी निवड लिहिली होती. ती 27 पैकी 19 मशिनेच गोळा करत होती. त्याउलट एका नावाची दोन मशिने दोन वेगळ्या फोल्डरांत सापडली. त्यातले एक कोणीतरी चाचणीसाठी काढलेली नक्कल होती, पण 'गेट-व्हीएम' ला नाव दिले की ते दोन्ही आणून पुढ्यात ठेवते आणि 'सेट-व्हीएम' निमूटपणे दोन्ही बदलते. त्यानंतर नावावरून निवड करणे सोडून दिले आणि ओळखक्रमांकावर आलो.

आता ज्या चुकीने मला खरोखर घाम फोडला ती सांगतो. वाढ आणि कपात यांची वागणूक वेगळी असते. मुभा असेल तर मेमरी चालू मशीनला वाढवता येते, कमी मात्र बंद करूनच करावी लागते. म्हणून स्क्रिप्टमध्ये मी एक साधी तुलना लिहिली: यादीतील नवा आकडा सध्याच्या आकड्याहून मोठा असेल तर 'वाढ', नसेल तर 'कपात'. काहीही न बदलता फक्त काय करणार ते छापणारी फेरी घेतली आणि निकाल वाचत बसलो. एकसष्ट ओळी कोणी बारकाईने वाचत नाही. मीही पंचविसाव्या ओळीपर्यंत नजर फिरवतच आलो होतो. तिथे एका कारखान्याच्या काट्याच्या मशीनपुढे आठवरून बारा असे लिहिलेले होते आणि त्यापुढे शब्द होता 'कपात'.

कारण शोधायला अर्धा दिवस गेला. सीएसव्हीतून आलेली प्रत्येक गोष्ट पॉवरशेलच्या लेखी अक्षरमाला असते, आकडा नव्हे. आणि तुलनेत डाव्या बाजूला जे असेल त्याच्या जातीप्रमाणे उजवी बाजू बदलून घेतली जाते. माझ्या ओळीत यादीतला '12' डावीकडे होता. त्यामुळे सध्याचा आठ हाही अक्षर बनला आणि तुलना शब्दकोशातल्या क्रमाने झाली. त्या क्रमात '12' चे पहिले अक्षर '1', ते '8' च्या आधी येते, म्हणून बारा हे आठाहून लहान ठरले. त्याच न्यायाने सोळावरून आठवर येणारे मशीन 'वाढ' म्हणून नोंदले गेले होते. सोळावरून चोवीस किंवा बत्तीस अशा दोन्ही बाजूंना दोन अंक असलेल्या ओळी मात्र बिनचूक होत्या, आणि माझी पहिली चाचणी नेमकी अशाच तीन मशिनांवर झाली होती. उपाय एका शब्दाचा होता: वाचल्याबरोबर त्या मजकुराचा पूर्णांक करून घेणे. पण ती ओळ नजरेतून सुटली असती तर चालू ठेवायची मशिने बंद पडली असती आणि बंद करायच्या मशिनांवर चालू असतानाच कपातीचा प्रयत्न होऊन ती चुकीच्या संदेशासह परत आली असती.

बाकीच्या दुरुस्त्या किरकोळ होत्या. सॉकेटमागे चार कोअर ठेवलेल्या मशीनला सहा सीपीयू देता येत नाहीत, म्हणून अशा ठिकाणी कोअरची मांडणीही बदलावी लागली. ज्यांची सगळी मेमरी राखीव केलेली होती त्यांची राखीव मर्यादा आधी खाली आणावी लागली. आणि एक वगळण्याची यादी केली, ज्यांना स्क्रिप्टने हात लावायचाच नाही अशा मशिनांची. तिच्यात पहिले नाव खुद्द व्हीसेंटरचे, कारण तेही एक व्हर्च्युअल मशीनच आहे आणि वापर कमी दिसतो म्हणून मी ते कपातीत टाकले होते. स्क्रिप्ट ज्याच्याशी जोडलेली आहे तेच बंद करणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड.

शनिवारची रात्र ठरली. बॉयलर पेटले होते, गव्हाणीत मोळी पडायला आठवडा होता. ग्राहकांना कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत सूचना गेल्या होत्या. सोबतीला गोकाकचे आमचे सहकारी होते. वयाने मोठे, म्हणून त्यांना सगळे अण्णा म्हणतात. रात्री एकचा बॅकअप आधी थांबवला आणि अकराला सुरुवात केली. क्रम असा: आधी कपात, मग वाढ, म्हणजे देण्याआधी हातात काही असेल. चालू स्थितीत वाढणारी अकरा मशिने सोडली तर उरलेली पन्नास पाच-पाचच्या तुकड्यांत घ्यायची. आतल्या विंडोजला वा लिनक्सला रीतसर बंद व्हायला सांगायचे, दहा मिनिटांपर्यंत वाट पाहायची, बंद झाले तर बदल करून चालू करायचे, न झाले तर त्याला न छेडता नाव 'राहिलेले' मध्ये लिहून पुढे जायचे.

तिसऱ्या तुकडीत एक मशीन असेच अडले. विंडोजने बंद होता होता साठलेल्या अपडेट टाकायला घेतल्या होत्या आणि टक्के चौतीसवर थबकले होते. वीजपुरवठा तोडल्यासारखे ते सक्तीने बंद करण्याची आज्ञा आहे आणि माझे बोट तिच्यावर गेलेही होते. अण्णा शेजारून म्हणाले, "ब्याडरी, बिडरी." नको, राहू द्या. राहू दिले. पावणेदोनला ते आपसूक बंद झालेले आढळले.

सातव्या तुकडीत मात्र खरी अडचण आली. अहवाल काढणाऱ्या एका मशीनची मेमरी आठवरून चोवीस झाली, बदल बिनबोभाट नोंदला गेला, आणि चालू करताना ते उठेचना. संदेश होता की स्वॅप फाइल तयार करायला जागा नाही. मेमरी राखीव नसली की मशीन चालू होताना ईएसएक्सआय तेवढ्याच आकाराची एक फाइल डेटास्टोअरवर, म्हणजे मशिनांच्या फाइली राहतात त्या डिस्कजागेवर, काढते. म्हणजे मेमरी सोळा जीबीने वाढवली की डिस्कवरही सोळा जीबी जास्तीची लागते. त्या डेटास्टोअरवर उरली होती एकोणीस, त्यातली मशीन बंद झाल्यावर परत मिळालेली आठ. चोवीस हवी होती. जागा खाल्ली होती जूनमध्ये कुठल्याशा सॉफ्टवेअर बदलापूर्वी घेतलेल्या आणि नंतर विसरलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या जतन केलेल्या स्थितीने, जिच्यानंतरचे सारे बदल वेगळ्या फाइलीत साठत राहतात. बदलांची तालीम छापणारी 'व्हॉटइफ' ची फेरी काय करणार ते सांगते, ते जमेल की नाही ते तिला ठाऊक नसते. मेमरीची बेरीज मी चार वेळा तपासली होती, डिस्कची एकदाही नाही.

मध्यरात्रीनंतर भरत आलेल्या डेटास्टोअरवर स्नॅपशॉट पुसायला जाणे मला धोक्याचे वाटले, कारण साठलेले बदल मूळ डिस्कमध्ये विलीन होताना आणखी जागा लागू शकते. सगळी मेमरी राखीव केली असती तर स्वॅप फाइलच लागली नसती, पण मग सर्व्हर बंद पडल्यावरच्या वेळेसाठी ठेवलेली जागा त्या एका मशीनने अडवली असती. तेव्हा 'आधीची यादी' कामाला आली. त्या मशीनची ओळ शोधली, आठ जीबी पुन्हा लावली, मशीन उठले. मंगळवारी ग्राहकाला विचारून त्याची डिस्क दुसऱ्या डेटास्टोअरवर नेली, स्नॅपशॉट काढला आणि मग चोवीस दिली. रविवारी पहाटे तीनला 61 पैकी 60 मशिने नव्या आकड्यांवर होती. थांबवलेला बॅकअप पुन्हा सुरू करायची आठवण अण्णांनी गाडीला किल्ली लावताना केली.

हंगामाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन आला. "काय ओ, मेमरी दुप्पट केलासा म्हणता, मग काट्यावर पावती अजून अडत्याय कशी? बाहेर गाड्या लागल्यात की." पाहिले तर मशीनला 32 जीबी मिळाली होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त मोकळी पडली होती. आतल्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसला मेमरीची जी कमाल मर्यादा कोणीतरी घालून ठेवली होती ती पूर्वीच्या 16 च्या हिशेबाने 12 जीबीच होती. घर मोठे झाले तरी त्याने आपली खोली सोडली नव्हती. ती मर्यादा डेटाबेस बंद न करता बदलता येते. 26 केली आणि दहा मिनिटांत पावत्या सुरळीत निघू लागल्या. फोन ठेवल्यावर लगेच उलटी बाजू डोक्यात आली. ज्या पतसंस्थेचे मशीन चोवीसवरून सोळावर आणले होते तिथे ही मर्यादा 20 निघाली. म्हणजे डेटाबेस आपल्याला नसलेली मेमरी मागू शकत होता आणि आज ना उद्या विंडोज डिस्कवर पाने टाकत बसले असते. तिकडून तक्रार येण्याआधीच ती खाली आणली. यादीत त्या दिवसापासून दोन रकाने वाढले: डेटाबेसची मर्यादा आणि डेटास्टोअरवरील मोकळी जागा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, कारखान्यांची धुराडी एकेक करून थंडावू लागली आणि पतसंस्थांचे फोन वाढले, तेव्हा उलटी फेरी करायची होती. 'आधीची यादी' जशीच्या तशी परत लावावी असा मोह झाला, कारण स्क्रिप्ट तयार होती आणि एका फाइलीचे नाव बदलले की झाले असते. त्याऐवजी आधी प्रत्यक्ष स्थितीची तुलना ऑक्टोबरात मी जे आकडे लावले होते त्यांच्याशी केली. सात मशिनांचे आकडे जुळले नाहीत. मधल्या पाच महिन्यांत कोणीतरी हाताने बदलले होते. पाचांबद्दल फोनवर उलगडा झाला, त्यात एक तर मीच डिसेंबरात घाईत वाढवून लिहून ठेवायला विसरलेले होते. उरलेल्या दोन मशिनांना कोणी आणि कशासाठी मेमरी दिली हे ना आमच्याकडे कोणाला सांगता आले ना ग्राहकाकडे. ती दोन वगळून बाकीची यादी लावली. त्या दोघांच्या ओळी अजून फाइलीत तशाच आहेत, शेवटच्या रकान्यात प्रश्नचिन्हासह.